साक्षीत भीती लिहीत नाहीत

आमच्या कोर्टात तिला तिच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारलेली मला आठवत नाही. ती सबबताई. निकालपत्रात शेवटचा आदेश सुरू होण्याआधी न्यायाधीश "सबब" म्हणतात, म्हणजे "म्हणून". बावीस वर्षं तो शब्द टाइप करून करून तिच्या जिभेवरच येऊन बसला होता. "डबा संपला, सबब मी उठते." "हा विनोद तू तिसऱ्यांदा सांगतोयस, सबब मी हसणार नाही." ती एक नंबरच्या कोर्टात लघुलेखक आणि मी भिंतीपलीकडे, दोन नंबरच्या. माझा वेग बघून तिने माझं नाव बैलगाडी ठेवलं, आणि ते शिपायांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांनी उचललं. मी रागावत नसे. रागावून वेग थोडाच वाढतो!

तिचा हात मात्र बघत राहावा असा चालायचा. तिच्या कीबोर्डवरची अक्षरं झिजून पार पुसली गेली होती. नुसत्या काळ्या कोऱ्या बटणांच्या ओळी. नवा कीबोर्ड आला तो तिने न उघडताच कपाटात टाकून दिला. "बोटांना वाचता येत नाही, त्यांना पाठ असतं," असं म्हणायची.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. साक्षीदार बोलतो ते सगळं आम्ही उतरवत नाही. तो अडखळतो, रडतो, तीनदा मागे जाऊन तेच सांगतो. मग न्यायाधीश त्यातलं कामाचं तेवढं नीट वाक्यात सांगतात आणि ते वाक्य आम्ही घेतो. वर्षानुवर्षं हे केलं की काय गाळायचं ते बोटांना आपोआप कळू लागतं. रडणं गाळायचं. उसासे गाळायचे. "मला फार भीती वाटली" हे तर हमखास गाळायचं, कारण भीती सगळ्यांनाच वाटते आणि तिच्यातून काही सिद्ध होत नाही. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच महिन्यात ताईने मला सांगितलं होतं, "बैलगाडी, साक्षीत भीती लिहीत नाहीत. उगाच पानं वाढतात."

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट भीतीचीच आहे. आणि तिच्यातला सगळ्यात भित्रा माणूस मी आहे, हेही आधीच सांगितलेलं बरं.

त्या वर्षी नगरसभेची निवडणूक झाली. अध्यक्ष जेमतेम तीनशे मतांनी पुन्हा निवडून आले. विरोधकांनी फेरमोजणी मागितली, ती मिळाली, आणि फेरमोजणीला चार दिवस उरले असताना मतपत्रिका ठेवलेल्या दप्तरखान्याला संध्याकाळी आग लागली. आत म्हातारे दप्तरी होते. अर्ध्या शहराचे जन्मदाखले त्यांच्या हातचे. ते आतच गुदमरून गेले. पहारेकरी त्यांना ओढून काढायला आत घुसला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेऊन बाहेर पडला, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यालाच धरलं. अध्यक्षांनी चौकात माईक हातात घेऊन सांगितलं की विरोधकांनी ह्याला फितवलं, आपल्याला बदनाम करायला आग लावली, आणि ह्याचे भाजलेले हात हाच पुरावा. लोकांना पटलं. दप्तरीकाका गेल्याचा संताप खरा होता, तो कुणावर तरी निघायचाच होता. मलाही पटलं. दहाजण म्हणतात ते मला नेहमीच लवकर पटतं.

खटला एक नंबरच्या कोर्टात, ताईच्या साहेबांपुढे चालला. साहेब म्हणजे दोन चष्म्यांचा, कमी बोलणारा, निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस. पहारेकऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, "सहाचा भोंगा झाला तेव्हा मी गल्लीच्या टोकाला नळावर जेवणाचा डबा घासत होतो. धूर दिसला तसा धावलो." भोंगा गिरणीचा, सगळ्या शहराला ऐकू जाणारा. सरकारी वकील त्याला म्हणाले, "मग नळालाच बोलवू या का साक्षीला?" कोर्टात हशा पिकला. मी त्या दिवशी काम नव्हतं म्हणून मागे उभा होतो. मीही हसलो. ताई हसली नाही. तिची मान खाली होती आणि बोटं चालू होती.

त्यानंतर आठवड्याभराने आम्ही जुन्या फायलींच्या रॅकमागे डबा खायला बसलो होतो. आग लागून तेव्हा अकरा महिने होत आले होते. ताईने तिचा डबा उघडलाच नाही. साक्षीदाराने सांगावं तशी ती एकेक वाक्य सांगू लागली.

"त्या दिवशी मी लवकर घरी गेले होते. भोंगा झाला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. आमच्या खिडकीतून नळ दिसतो आणि दप्तरखान्याचं मागचं दारही दिसतं. पहारेकरी नळावर होता, पाठमोरा, डबा घासत होता. त्याच वेळी मागच्या दारातून अध्यक्षांचा ड्रायव्हर बाहेर आला. त्याने दार लोटून घेतलं. गाडी पुसायच्या पिवळ्या फडक्याने हात पुसले. आणि वर बघितलं. मी दिसले त्याला."

"मग?"

"मग काय! दहा मिनिटांनी धूर."

मी आधी दाराकडे बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना. मला आजही आठवतं, तिच्याकडे बघायच्या आधी मी दाराकडे बघितलं.

पोलीस घरोघर विचारत फिरले तेव्हा ती म्हणाली होती, "मी स्वयंपाकात होते, माझं लक्ष नव्हतं." कारण ते येण्याआधीच, आगीच्या दुसऱ्या दिवशी, बरोबर सहाच्या भोंग्याला अध्यक्षांची गाडी तिच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर उतरला नाही. त्याने इंजिन चालू ठेवलं, वर बघितलं, आणि पिवळ्या फडक्याने बाजूचा आरसा पुसत बसला. दहा मिनिटांनी गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. एक शब्द नाही, एक चिठ्ठी नाही. धमकी दिली असती तर तक्रार तरी करता आली असती. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची काय तक्रार करणार?

तिचे यजमान घड्याळजी. त्यांचं दुकान नगरसभेच्या बाजारात, परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. लेक नगरसभेच्या शाळेत शिक्षिका, अजून कायम झालेली नाही. हे ताई बोलली नाही, पण मला ठाऊक होतं, आणि ड्रायव्हरलाही ठाऊक असणारच. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ यजमानांनी उतरवून ठेवलं होतं, सहाकडे सरकणारा काटा तिला बघवेना म्हणून. घड्याळजीच्या घरात घड्याळ नाही, यावर एरवी मी महिनाभर थट्टा केली असती.

"ताई," मी म्हणालो, "मूग गिळून बस. अकरा महिने बसलीस ना, आता किती राहिले? साहेब हुशार आहेत. ते बरोबर ओळखतील आणि सोडतील त्याला."

"त्यांना जे दाखवलंच नाही ते ते कसं ओळखतील?"

"ते न्यायाधीश आहेत. निकाल त्यांनी द्यायचा. आपण फक्त टाइप करायचं."

तिने डबा तसाच उचलला आणि उठली. त्या दिवशी सबब वगैरे काही म्हणाली नाही.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी कोर्टाच्या फाटकाबाहेर माणसांचा समुद्र. अध्यक्ष स्वतः आले होते. त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. "तुम्ही मला सत्तावीस हजार मतं दिलीत! आत बसलेल्या त्या एका माणसाला किती पडली हो? सांगा, किती पडली?" लोक ओरडले, "शून्य!" खिडकीच्या काचा थरथरल्या. सरकारी वकिलांनी ती संधी साधली. म्हणाले, शहराची भावना काय आहे ती कोर्टाने कृपा करून लक्षात घ्यावी.

साहेबांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला. म्हणाले, "अध्यक्षांना सत्तावीस हजार मतं पडली, मला एकही नाही. दोन्ही मान्य. रस्ता कुठून न्यायचा, कर किती बसवायचा, हे त्या मतांवर ठरेल. तिथे मी नाक खुपसणार नाही. मला आवडला नाही तरी तो त्यांचाच रस्ता. पण भोंगा झाला तेव्हा हा माणूस कुठे उभा होता, हे मतांवर ठरत नाही. ते पुराव्यावर ठरेल." आणि खाली बघून म्हणाले, "पुढे बोला."

मला ते वाक्य फार आवडलं. ताईला ते ऐकवेना. कारण पुरावा तर तिच्या स्वयंपाकघरात होता.

सोमवारी साहेबांनी आपल्या खोलीत निकालपत्र सांगायला घेतलं. पुढे जे झालं ते ताईने मला सांगितलं, आणि ती सांगते म्हणजे शब्द न् शब्द तसाच असतो. आरोप, साक्षी, पंचनामा, सगळं होऊन नवव्या पानावर साहेब म्हणाले, "आरोपीला त्या वेळी नळावर पाहणारा एकही साक्षीदार पुढे आलेला नाही." बावीस वर्षांत पहिल्यांदा तिची बोटं थांबली.

"घेतलं का, बाई?"

"साहेब, मला काही सांगायचंय."

"याच खटल्याबद्दल?"

"हो. तो माणूस—"

"बाई!" साहेबांचा आवाज असा चढला की बाहेरचा पट्टेवाला दारात आला. साहेबांनी त्याला हाताने घालवला. त्यांच्या लक्षात आलं होतं. बोटं का थांबली आणि कुठल्या वाक्यावर थांबली, हे त्यांना कळलं नसतं तर ते न्यायाधीश कसले!

"एक शब्दही पुढे बोलू नका," ते हळू म्हणाले. "त्या फाटकाबाहेरच्या माणसांचं मी ऐकत नाही, बरोबर? मग दार लावून तुमचं ऐकलं तर त्यांना काय तोंड दाखवू?"

"पण साहेब, खरं असेल तर?"

"तर ते सगळ्यांसमोर, शपथेवर सांगायचं. समोरच्या वकिलाला तुम्हाला उलटसुलट विचारता आलं पाहिजे. आणि तेही माझ्यापुढे नाही."

ताईला हे कळेना. ती जीव मुठीत धरून एवढं बोलली होती ती याच एका आधारावर, की ऐकणारे साहेब आहेत. त्यांच्यासमोर ती कशीबशी उभी राहिली असती.

"तुमच्यापुढे का नाही?"

"कारण तुम्ही जे सांगाल ते मी लगेच खरं मानीन," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं तुमच्या कागदावर न वाचता सही करतोय मी. समोरच्याने तुमचं बोलणं फोडून काढलं तरी मी तुमच्याच बाजूला झुकेन. असा माणूस त्या खुर्चीत बसता कामा नये. मला उठावं लागेल. बस्स, आता घरी जा. आरोपीला वकील आहे, त्याचं ऑफिस कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. मी तुम्हाला जा म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भर कोर्टात चार ओळींचा आदेश सांगितला की काही कारणाने आपण हा खटला पुढे चालवू शकत नाही, तो दुसऱ्या न्यायाधीशांकडे जावा. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताईचं नाव त्याच क्षणी फाटकाबाहेर गेलं असतं. मग काय विचारता! लोक म्हणाले, फितला. वर्तमानपत्राने लिहिलं, घाबरून पळाला. त्यांच्या गाडीच्या काचेवर दगड बसला. त्यांनी काच बदलली आणि एक अक्षर बोलले नाहीत. मी तर आमच्या जेवणाच्या सुट्टीत चारजणांत बोलून बसलो, "हात झटकून मोकळे झाले!" ताई तिथेच होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पळता भुई थोडी झाली.

यातली खरी भीती आता सुरू होत होती, कारण आता काहीही न करणं अगदी सोपं होतं. नवे न्यायाधीश येतील, कागद वाचतील, कागदात नळावर कोणी नाही. पहारेकरी जन्मभर आत. ताईने फक्त घरी बसायचं होतं. तीन दिवस ती बसलीही. रजा टाकली, खिडकीला चादर लावली. चादरीआडून इंजिनाचा आवाज यायचाच.

चौथ्या दिवशी यजमान तिच्यासमोर येऊन बसले. ते मुळातच कमी बोलतात, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. म्हणाले, "अगं, परवाना गेला तर मी घरात बसून घड्याळं दुरुस्त करीन. पोरीला मी विचारलं, ती म्हणाली दुसरी शाळा बघू. पण हे रोजचे सहा मला काही दुरुस्त करता येत नाहीत."

ताई म्हणाली, "अहो, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. मी येतो बरोबर."

दोघं आरोपीच्या वकिलाकडे गेली. वकील सरकारने नेमून दिलेला, नवाच पोरगेला माणूस. ताईचं ऐकताना त्याच्या हातातलं पेन खाली पडलं, म्हणे. त्याने अर्ज केला आणि नव्या न्यायाधीशांनी साक्षीला परवानगी दिली.

नव्या न्यायाधीश म्हणजे बाहेरगावाहून आलेल्या, या खटल्यापुरत्या एक नंबरच्याच कोर्टात बसणाऱ्या बाईसाहेब. चाळिशीच्या, चेहऱ्यावर कधी काही न दिसणाऱ्या. त्यांना ताई कोण, तिचा हात कसा चालतो, काहीही माहीत नव्हतं. आणि एक नंबरच्या कोर्टाची लघुलेखक स्वतःच साक्षीदार, मग तिच्या खुर्चीत बसणार कोण? हुकूम निघाला, दोन नंबरची बैलगाडी.

मी रात्रभर विचार केला की आजारी पडावं. मला ताप येतो की नाही हे सकाळी दोनदा बघितलं, पण माझं अंग अगदी थंडगार. कोर्ट खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत ड्रायव्हर बसला होता. हातात पिवळं फडकं नव्हतं, पण मला ते दिसत होतं. मी ताईच्या खुर्चीत बसलो आणि कीबोर्डकडे बघितलं. कोरी काळी बटणं! मला तिच्यासारखं पाठ कुठे होतं? मी एकेक बटण दाबून, पडद्यावर काय उमटतं ते बघून शोधू लागलो. बाईसाहेबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं.

ताई पिंजऱ्यात आली. मी तिला तिथे उभी असलेली कधी बघितलीच नव्हती. ती नेहमी त्याच्या पायाशी बसणारी. तिने शपथ घेतली. बाईसाहेबांनी मान वर न करता नाव, वय, धंदा विचारला. ताईने खिडकी, भोंगा, नळ, मागचं दार, फडकं, सगळं सांगितलं. कठड्यावरच्या तिच्या हाताची बोटं बोलता बोलता हलत होती. ती लाकडावर टाइप करत होती. माझ्या लक्षात आलं की ती माझ्यासाठी थांबून थांबून बोलतेय. एवढ्या भीतीतही तिला बैलगाडी मागे राहू नये याची काळजी होती. पलीकडे आरोपी हात पुढे धरून बसला होता. भाजलेल्या हातांची चामडी ओढली गेली होती, आणि तो ताईकडे अशा नजरेने बघत होता की मी पुन्हा तिकडे बघितलं नाही.

मग सरकारी वकील उठले.

"पोलिसांना तुम्ही सांगितलं की तुमचं लक्ष नव्हतं. खरं?"

"हो. खोटं सांगितलं होतं."

"छान! आणि अकरा महिने याच खोलीत बसून रोज साक्षी उतरवत होतात. तेव्हा का गप्प होता? कुणी तोंड दाबलं होतं?"

ड्रायव्हर जरासा पुढे सरकून बसला. मग ताई जे बोलली ते फार हळू बोलली. "मला भीती वाटत होती."

"आणि आज वाटत नाही?"

"आज जास्त वाटते."

कोणीतरी मागे हसलं. सरकारी वकील "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत पुढच्या प्रश्नावर गेले, आणि बाईसाहेबांनीही वाक्य वेगळं सांगितलं नाही, तशा त्या बहुतेक उत्तरं तिच्याच शब्दांत घेऊ देत होत्या. मी प्रश्न घेतला, "अकरा महिने का गप्प होता?" आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. मुद्दाम नाही, देवाशपथ मुद्दाम नाही. बोटांनी गाळलं. रडणं गाळायचं, उसासे गाळायचे, हे गाळायचं. तिनेच शिकवलं होतं.

साक्ष संपली. कागद छापून तिच्या हातात गेले. साक्षीदाराने वाचायचे, प्रत्येक पानावर सही करायची, मग ते पक्के. ते एकदा पक्के झाले की बाईसाहेबांना निकालाच्या वेळी त्या कागदात आहे तेवढंच दिसणार, बाकी जगात काहीही झालेलं असो. ताईने पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्या पानावर तिचं पेन थांबलं आणि तिने माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. कागदावर वकिलाचा प्रश्न होता आणि खाली उत्तर नव्हतं. अकरा महिने का गप्प होता? पुढे कोरं. हा कागद वाचणारा कोणीही म्हणाला असता, बाईकडे उत्तर नव्हतं, बाई शिकवून आणलेली आहे. पहारेकरी त्या एका कोऱ्या जागेतून पुन्हा आत गेला असता.

ती सही करून टाकू शकत होती. तिला माझी अब्रू वाचवता आली असती. आणि पुन्हा तो शब्द त्या माणसासमोर उच्चारायची वेळ आली नसती, जो पहिल्या रांगेत बसून तिच्याकडे बघत होता.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "तिसऱ्या पानावर एक उत्तर राहिलंय."

"कोणतं?"

"मला भीती वाटत होती, ते."

सरकारी वकील ताडकन उठले. म्हणाले, हे काही साक्षीचं वाक्य नाही, भावना आहे, अशा गोष्टी नोंदवायची पद्धत नाही. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं, पद्धत नव्हतीच. बाईसाहेबांनी त्या दिवसात पहिल्यांदा मान नीट वर केली. त्यांनी ताईकडे बघितलं नाही, वकिलांकडेही नाही. माझ्याकडे बघितलं.

"प्रश्न तुम्ही लिहिलात?"

"हो, बाईसाहेब."

"मग उत्तरही लिहा. त्या जसं बोलल्या तसं. खरं की खोटं ते मी नंतर ठरवीन, पण तुम्ही ठरवायचं नाही."

मी पुन्हा त्या कोऱ्या बटणांपुढे बसलो. सगळं कोर्ट माझ्या बोटांकडे बघत होतं, आणि पहिल्या रांगेतून तोही बघत होता. "भी" कुठे आहे ते मला सापडेना. ताई पिंजऱ्यातून हळूच म्हणाली, "घाई नको, बैलगाडी." मी एका बोटाने टाइप केलं. मला भीती वाटत होती. आज जास्त वाटते. ती दोन वाक्यं लिहायला मला किती वेळ लागला कोण जाणे, पण माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं खरं दुसरं काही लिहिलेलं नाही. पान पुन्हा छापलं. ताईने सही केली, आणि खाली तारीख घातली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला, पहारेकरी सुटला. निकालपत्रात ती दोन वाक्यं जशीच्या तशी आहेत. बाईसाहेबांनी लिहिलं होतं की अकरा महिन्यांच्या मौनाचं साक्षीदाराने दिलेलं कारण उलटतपासणीत टिकलं. ड्रायव्हरचं काय करायचं ते पोलिसांनी बघावं, ते माझं काम नाही, असंही होतं. ते काम अजून चालू आहे, फार सावकाश, माझ्यापेक्षाही. घड्याळजींचा परवाना त्या वर्षी नवा झाला नाही. फाटकाबाहेरचे लोक पांगले, कुणी माफी वगैरे मागितली नाही. साहेब निकाल लागेपर्यंत ताईशी जिन्यातही बोलले नव्हते, मान वळवून जायचे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या खोलीत तिला म्हणाले, "हं, बाई, लिहा." तिने लिहिलं.

पण मला सांगायची आहे ती साक्षीच्या दिवसाची संध्याकाळ. कोर्ट सुटल्यावर मी घरी निघालो आणि पाय तिच्या घराकडे वळले. का, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. ताईने दार उघडलं आणि मला आत घेतलं. खिडकीची चादर काढून घडी घालून ठेवली होती. यजमानांनी घड्याळ पुन्हा भिंतीवर लावलं होतं, आणि सहाला पाच मिनिटं होती.

"घाबरलायस?" ताईने विचारलं.

"पाचावर धारण बसलीय," मी म्हणालो.

"मग ये इकडे, उभा राहा."

भोंगा झाला. गाडी आली, खिडकीखाली थांबली, इंजिन चालूच. आम्ही तिघं खिडकीत उभे राहून खाली बघत होतो.